आपल्याला प्राध्यापक हवाय की वकील?

आमच्या जिल्ह्यातल्या एका मुस्लिम शिक्षण संस्थेत दर ११ नोव्हेंबरला मौलाना आझाद जयंतीचा कार्यक्रम होतो. हार, शाल, नारळ, दोन भाषणं आणि शेवटी बिर्याणी. अशाच एका कार्यक्रमाला दुसऱ्या गावच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. माझी त्यांची जुनी ओळख, म्हणून मीही गेलो होतो. सर येताना तयारी करून आले होते. त्यांनी संस्थेच्याच ऑफिसातून जुने हजेरीपट मागवून घेतले होते. आठवीच्या वर्गात किती मुली बसल्या आणि त्यातल्या बारावीपर्यंत किती उरल्या, हे त्यांनी वर्षावर्षाने वाचून दाखवलं. मधल्या काळात त्या मुली कुठे गेल्या, हा प्रश्न त्यांनी समोर बसलेल्या बापांना विचारला. मग म्हणाले, शिक्षकांच्या जागा नात्यागोत्यात आणि डोनेशनवर भरल्या जात असतील तर मुलं शाळेत टिकतील कशी?

सभागृहात शांतता पसरली. आभार मानायला संस्थेचे सेक्रेटरी उठले. आवाज न चढवता ते म्हणाले, "सरांचा अभ्यास मोठा आहे. पण बाहेरचे लोक आपल्याला कमी बोलतात का, की आपल्याच स्टेजवरून आपल्याच माणसानं बोलावं?" टाळ्या वाजल्या. त्या संध्याकाळच्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्याच. रात्री मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी सरांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'दलवाईचा चेला'.

दोनेक महिन्यांनी त्याच गावात मिरवणुकीवरून तणाव झाला. दगडफेक झाली, पोलिसांनी पोरं उचलली. तेव्हा त्याच सेक्रेटरी साहेबांचा सरांना फोन गेला, "सर, उद्या शांतता समितीची बैठक आहे. कलेक्टर येणार आहेत. तुमच्यासारखा शिकलेला माणूस आपल्या बाजूला पाहिजे." सर गेले. अटका एकतर्फी झाल्यात, हे त्यांनी तारीख-वेळ देऊन मांडलं. बाहेर आल्यावर लोकांनी त्यांना मिठ्या मारल्या.

पुढे भेटले तेव्हा सर मला म्हणाले, "दोन्ही वेळी मी एकच काम केलं. कागद बघून बोललो. एकदा गद्दार ठरलो, एकदा हिरो. आता ठरवलंय, फक्त शिकवायचं. पोर्शन पूर्ण करायचा आणि घरी जायचं."

हा लेख त्या शेवटच्या वाक्यासाठी आहे. एक बोलणारा प्राध्यापक गप्प झाला, आणि त्याला पोलिसांनी, सरकारने किंवा कुठल्या सेनेने गप्प केलेलं नाही. आपण केलंय. टाळ्या वाजवून.

माझं म्हणणं थोडक्यात असं. मुस्लिम समाजाला आज विद्वान हवे आहेत, पण वकील म्हणून. वकिलाचं काम अशिलाची बाजू मांडणं असतं. अशिलाच्या विरुद्ध जाणारा कागद त्याने स्वतःहून कोर्टापुढे ठेवायचा नसतो. प्राध्यापकाचं काम नेमकं उलटं आहे. कागद कुणाच्याही विरुद्ध जात असो, तो पुढे ठेवायचा. हा फरक आपण पुसून टाकलाय. त्याची किंमत प्राध्यापक भरतात, हे तर आहेच. पण त्याहून मोठी किंमत समाज भरतो, कारण ज्याच्या शब्दाला बाहेर वजन आहे असा एकेक माणूस आपण स्वतःच्या हाताने घालवत चाललोय.

ही गोष्ट आमच्या गावापुरती असती तर मी लेख लिहिला नसता. पण हीच गोष्ट देशातल्या एका मोठ्या विद्यापीठात, एका मोठ्या इतिहासकाराच्या बाबतीत घडून गेली आहे. आपण ती विसरलोय.

प्रा. मुशीरुल हसन हे आधुनिक भारताच्या इतिहासाचे अभ्यासक. फाळणीवर आणि भारतीय मुसलमानांच्या राजकारणावर त्यांनी केलेलं काम जगभर वाचलं जातं. १९९२ साली ते दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियात प्र-कुलगुरू होते. एका मुलाखतीत त्यांना सलमान रश्दींच्या 'सॅटॅनिक व्हर्सेस'वरच्या बंदीबद्दल विचारलं गेलं. पुस्तकाने मुसलमानांची मनं दुखावली आहेत हे त्यांनी नाकारलं नाही. पण पुस्तकावर बंदी घालणं त्यांना मान्य नव्हतं, आणि ते त्यांनी सांगितलं. एवढाच गुन्हा. जामियात आंदोलन पेटलं, राजीनाम्याची मागणी झाली. कित्येक महिने त्यांना आपल्याच विद्यापीठात पाऊल ठेवता आलं नाही. डिसेंबर १९९२ च्या सुरुवातीला ते कॅम्पसवर गेले, तेव्हा त्यांना मारहाण झाली. ज्या पोरांना ते इतिहास शिकवत होते, त्या पोरांच्या विद्यापीठात.

तारीख लक्षात घ्या. डिसेंबर १९९२. त्याच महिन्यात बाबरी मशीद पडली. ज्या आठवड्यात या देशातल्या मुसलमानांना इतिहासाचे कागद घेऊन उभं राहणाऱ्या माणसांची सगळ्यात जास्त गरज होती, त्याच आठवड्यात आपण आपल्या इतिहासकाराला मारत होतो.

आता पुढचं पान उलटा. २००४ साली हेच मुशीरुल हसन जामियाचे कुलगुरू झाले. १९ सप्टेंबर २००८ रोजी विद्यापीठाला लागून असलेल्या भागात बाटला हाऊसची चकमक झाली. दोन संशयित तरुण मारले गेले, इन्स्पेक्टर मोहनचंद शर्मा यांचाही मृत्यू झाला. जामियाच्या विद्यार्थ्यांना अटक झाली. सगळे चॅनल 'दहशतवाद्यांचा अड्डा' म्हणून विद्यापीठाकडे बोट दाखवत होते. अशा वेळी कुलगुरूंनी जाहीर केलं की अटक झालेल्या विद्यार्थ्यांना विद्यापीठ कायदेशीर मदत देईल. आरोप सिद्ध होईपर्यंत ते आपले विद्यार्थी आहेत, ही त्यांची भूमिका होती. त्यांच्यावर चहूबाजूंनी टीका झाली. सरकारी पैशाने आरोपींना वाचवता काय, असं विचारलं गेलं. ते मागे हटले नाहीत.

त्या दिवसांत आमच्याकडच्या चहाच्या टपरीवर मी स्वतः ऐकलंय, "कुलगुरू असावा तर असा, आपला माणूस." सोळा वर्षांपूर्वी याच 'आपल्या माणसा'चं काय झालं होतं, याची त्या टपरीवर कुणालाही आठवण नव्हती.

बारकाईने पाहिलं तर १९९२ चे हसन आणि २००८ चे हसन यांच्यात काहीही फरक नाही. वाचण्याआधी पुस्तक जाळू नका, हे तत्त्व. आणि खटल्याआधी पोराला गुन्हेगार ठरवू नका, हेही तेच तत्त्व. झुंडीचा निकाल मानायचा नाही, एवढंच ते दोन्ही वेळा सांगत होते. एकदा झुंड आपली होती, एकदा दुसऱ्यांची. जो माणूस आपल्या झुंडीपुढे वाकला नव्हता, तोच दुसऱ्यांच्या झुंडीपुढे उभा राहू शकला. १९९२ मध्ये तो वाकला असता, तर २००८ मध्ये त्याच्या शब्दाला कुणी काडीची किंमत दिली नसती.

जामियाचा जन्मच मुळी अशा नकारातून झालेला आहे. १९२० साली असहकाराच्या काळात, सरकारी मदत नाकारा हे आवाहन अलीगढच्या कॉलेजने मानलं नाही. तेव्हा तिथलेच काही विद्यार्थी आणि शिक्षक बाहेर पडले. २९ ऑक्टोबर १९२० रोजी त्यांनी अलीगढमध्येच नवी संस्था उभी केली, ती पुढे १९२५ मध्ये दिल्लीला गेली. म्हणजे जामिया उभी राहिली ती इंग्रज सरकारला नकार देऊन आणि स्वतःच्या मातृसंस्थेलाही नकार देऊन. पैसे संपले, बंद पडायची वेळ आली. तेव्हा जर्मनीतून शिकून आलेले झाकिर हुसेन, आबिद हुसेन, मुहम्मद मुजीब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षं, महिन्याला १५० रुपयांपेक्षा जास्त पगार न घेता, तिथेच राबायची शपथ घेतली.

नोव्हेंबर १९४६ मध्ये जामियाचा रौप्यमहोत्सव झाला. देशात दंगली पेटलेल्या होत्या. त्या दिवशी एकाच मंचावर नेहरू, मौलाना आझाद, जिना आणि लियाकत अली खान बसले होते. कुलगुरू झाकिर हुसेन यांनी काय केलं? स्वागताचे गोड शब्द बोलून ते खाली बसले नाहीत. देशात लागलेली आग विझवा, ती कुणी लावली हे नंतर बघू, असं त्यांनी दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी कुणा एकाची वकिली केली नाही. विद्यापीठाचं सार्वजनिक जीवनातलं काम काय, असं मला कुणी विचारलं तर मी तो मंच दाखवीन.

आपली दीनी परंपराही वेगळं सांगत नाही. घाटावरचे आपण बहुतेक हनफी. ज्या इमाम अबू हनीफांच्या फिकहवर आपण चालतो, त्यांनी खलिफा मन्सूरने देऊ केलेलं काझीपद नाकारलं, कैद सोसली, आणि इ.स. ७६७ मध्ये बगदादमध्ये त्यांचा इंतकाल झाला. इमाम अहमद बिन हंबल यांनी खलिफाच्या दरबाराने ठरवलेला अकीदा मानायला नकार दिला आणि पाठीवर फटके खाल्ले. जुम्याच्या बयानात आपण हे किस्से डोळ्यात पाणी आणून ऐकतो. मात्र एक गोष्ट सोयीने विसरतो. आज दरबार फक्त मंत्रालयात भरत नाही. तो संस्थेच्या ऑफिसात भरतो, ट्रस्टींच्या बैठकीत भरतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही भरतो. तिथे जो आलिम, जो प्राध्यापक मान हलवत नाही, त्याला फटके मारणारे आपणच असतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो हलक्यात काढण्यासारखा नाही. लोक म्हणतात, "भाई, जमाना बघा. झुंडबळी होतायत, बुलडोझर फिरतायत, दाढी-टोपी बघून भाड्याने घर मिळत नाही. अशा वेळी घरातली भांडणं चव्हाट्यावर कशाला? आपल्याच माणसाने आपल्याविरुद्ध बोललेलं वाक्य उद्या त्यांच्या टीव्हीवर चालतं." हे खरं आहे. असं होतं. मी स्वतः पाहिलंय की एखाद्या मुस्लिम लेखकाचं अर्धं वाक्य उचलून त्याचीच काठी करून मुसलमानांना मारलं जातं.

तरीही हा आक्षेप मला मान्य नाही. त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण सच्चर समितीचं. गेली वीस वर्षं आपण प्रत्येक निवेदनात, प्रत्येक मोर्चात, प्रत्येक आरक्षण परिषदेत सच्चर अहवालाचं नाव घेतो. हा अहवाल कुठल्या मोर्चाने लिहिलेला नाही. न्या. राजिंदर सच्चर अध्यक्ष, अर्थतज्ज्ञ अबू सालेह शरीफ सदस्य-सचिव, आणि सोबत अभ्यासक मंडळी. त्यांनी जनगणना, नमुना पाहणी, बँका, सरकारी खाती असे कागद तपासले आणि नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला. वीस वर्षं आणि त्याहून मोठ्या वयाच्या मुसलमानांमध्ये पदवीधर किंवा पदविकाधारक चार टक्क्यांहूनही कमी, तर एकूण लोकसंख्येत ते प्रमाण सुमारे सात टक्के, हे त्यात आलं. लाडावलेला समाज, तुष्टीकरण झालेला समाज हे जे मिथक वर्षानुवर्षं चाललं होतं, त्याला त्या आकड्यांनी उभा छेद दिला. आणि त्याच अहवालाने आपल्या घरातलंही एक मिथक मोडलं. शाळेत जायच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी मुलं तीन-चार टक्क्यांच्या पुढे नाहीत, असं त्यात निघालं. 'मुसलमान मदरशातच जातो' म्हणणारे बाहेरचे खोटे ठरले. आणि कौमची तालीम म्हणजे मदरसा असं समजून सगळी चर्चा, सगळा चंदा तिकडेच वळवणारे आपले लोकही खोटे ठरले. बाकीची नव्वदपेक्षा जास्त टक्के मुलं कुठल्या शाळेत जातात आणि तिथून कधी गळतात, हा खरा प्रश्न होता. आमच्या सरांनी हजेरीपट काढून नेमका हाच प्रश्न विचारला होता.

महाराष्ट्रातही तेच घडलं. राज्य सरकारने २००८ साली डॉ. महमूदुर्रहमान यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला, त्याचा अहवाल २०१३ मध्ये आला. २०१४ मध्ये पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला, तेव्हा त्याला आधार याच अभ्यासांचा होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने नोकऱ्यांमधल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातलं रोखलं नाही. घोषणांवर न्यायालय असं वागत नाही. कागदांमुळे वागतं. पुढच्या सरकारने ते आरक्षण मरू दिलं ही वेगळी गोष्ट. पण जे थोडंबहुत टिकलं, ते अभ्यासकांमुळे टिकलं. हे अभ्यासक आपले वकील असते, तर न्यायालयाने त्यांच्या आकड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

दुसरं कारण असफ अली असगर फैजी यांचं. हा माणूस १८९९ मध्ये आपल्या माथेरानला जन्मला. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचा प्राचार्य झाला, इजिप्तमध्ये भारताचा राजदूत झाला, नंतर काश्मीरमध्ये कुलगुरू झाला. मुस्लिम कायद्यावरचं त्यांचं १९४९ चं पुस्तक पिढ्यान् पिढ्या लॉ कॉलेजांत वाचलं जातंय. १९६३ मध्ये त्यांनी इस्लामकडे आधुनिक दृष्टीने पाहण्यावर आणखी एक पुस्तक लिहिलं. धर्म आणि कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, धर्माचा गाभा कायम ठेवून कायद्याचा पुन्हा विचार करता येतो, असं त्यांचं म्हणणं. ते पटो न पटो, घरातल्या एका जाणत्या माणसाने घरातल्यांसमोर ठेवलेलं म्हणणं होतं ते. आपण काय केलं? पुस्तक कपाटात ठेवलं आणि कपाट बंद केलं. कोकणातल्या मिरजोळीहून आलेले हमीद दलवाई १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले, तेव्हा त्यांना शिव्या दिल्या. दलवाईंची सगळी मतं मलाही पटत नाहीत. त्यांची भाषा मला अनेकदा बोचते. पण ज्या सात बायका त्यांच्यासोबत चालल्या, त्यांचं दुःख खोटं होतं असं आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही.

१९८५ मध्ये शाहबानोचा निकाल लागला, २०१७ मध्ये शायरा बानोचा. मधल्या बत्तीस वर्षांत आपण एकदम दिलेल्या तीन तलाकचा प्रश्न स्वतःच्या घरात, स्वतःच्या विद्वानांना बसवून, सोडवू शकलो असतो. कित्येक मुस्लिम देशांनी तो सोडवलेला होता. आपण विद्वानांना गप्प बसवलं. मग तोच प्रश्न ज्यांना मुस्लिम बायकांबद्दल कधी कळवळा नव्हता त्यांनी हातात घेतला, आणि २०१९ मध्ये नवऱ्याला तुरुंगात टाकणारा कायदा करून मोकळे झाले. घरातल्या माणसाला घरात बोलू दिलं नाही की घराबद्दल शेजारी निकाल देतात. 'चव्हाट्यावर कशाला' म्हणणाऱ्यांनी सांगावं, चव्हाट्यावर जायचं वाचलं का?

आता इतर वाचकांसाठी. हा ब्लॉग वाचणाऱ्या बिगर-मुस्लिम मित्रांना एव्हाना बरं वाटत असेल. "बघा, हे स्वतःच कबूल करतायत." थोडं थांबा. हा रोग मुसलमानांचा एकट्याचा नाही.

५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेत घुसून लोकांनी जुनी हस्तलिखितं, ग्रंथ आणि कपाटं फोडली. का, तर एका परदेशी लेखकाने आपल्या पुस्तकात तिथल्या काही अभ्यासकांचे आभार मानले होते. २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.च्या अभ्यासक्रमातून रोहिंटन मिस्त्री यांची कादंबरी एका विद्यार्थी संघटनेच्या दबावापुढे काढून टाकली गेली. कुलगुरूंनी फार वेळही घेतला नाही. ३० ऑगस्ट २०१५ ला हंपीच्या कन्नड विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. कलबुर्गी यांना धारवाडला राहत्या घराच्या दारात गोळ्या घालण्यात आल्या. जामियातली १९९२ ची झुंड आणि या झुंडी यांची जात एकच. फरक इतकाच की आपल्या झुंडीपाशी सत्ता नाही आणि दुसऱ्यांपाशी आहे. म्हणून त्यांच्याकडून होणारं नुकसान कितीतरी मोठं आहे.

मुस्लिम प्राध्यापकाची गोची तर दुहेरी. घरचे त्याला वकील करायला बघतात आणि बाहेरचे त्याला साक्षीदार करतात, तोही त्याच्या कौमच्या विरोधात. टीव्हीवर त्याला बोलावतात ते निषेध करायला. "तुम्ही निषेध करता का?" हा एकच प्रश्न. पाणीटंचाईवर, बेरोजगारीवर, सोयाबीनच्या भावावर मुस्लिम अर्थतज्ज्ञाचं मत कुणी विचारल्याचं तुम्हाला आठवतं का? आणि तो स्वतःहून बोलला तर काय होतं, हे मे २०२५ मध्ये दिसलं. सोनीपतच्या अशोका विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणारे अली खान महमूदाबाद यांनी समाजमाध्यमावर एक पोस्ट लिहिली. कर्नल सोफिया कुरेशींचं कौतुक करताय ते चांगलंच आहे, मग झुंडबळी आणि बुलडोझरचे बळी ठरलेल्यांसाठीही तितक्याच मोठ्याने बोला, अशा आशयाची. १८ मेला त्यांना अटक झाली. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला, पण त्या विषयावर लिहायचं नाही अशी अट घालून. आणि त्यांचं विद्यापीठ? हे त्यांचं वैयक्तिक मत आहे, असं सांगून ते आधीच बाजूला झालं होतं.

'वैयक्तिक मत'. हे दोन शब्द आज आपल्या विद्यापीठांचं बोधवाक्य झालेत. प्राध्यापकाला पुरस्कार मिळाला की तो विद्यापीठाचा, अडचणीत आला की वैयक्तिक. म्हणून मला २००८ चे मुशीरुल हसन पुन्हा पुन्हा आठवतात. त्यांनी आपल्या आरोपी विद्यार्थ्यांनाही 'वैयक्तिक' म्हणून झटकलं नव्हतं.

शेवटी प्राध्यापक मंडळींनाही चार शब्द ऐकवले पाहिजेत, कारण सगळा दोष समाजावर टाकून त्यांना मोकळं सोडणं बरोबर नाही. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या, वर्षावर्षाने ऑर्डर मिळणाऱ्या, पगारासाठी महिनोन् महिने वाट पाहणाऱ्या पोरांना मी बोल लावणार नाही. त्यांची मान संस्थाचालकाच्या मुठीत आहे. पण सातव्या वेतन आयोगाचा पूर्ण पगार घेणाऱ्या, कायम झालेल्या, उद्या कुणी सहजी काढू शकणार नाही अशा प्राध्यापकांचं काय? नॅकची फाइल, प्रमोशनचे पॉइंट, कुणी न वाचणाऱ्या जर्नलमधला इंग्रजी पेपर, एवढ्यातच हयात जाते. औरंगाबादला राज्यशास्त्र शिकवणारे मोईन शाकिर यांनी १९७० मध्ये खिलाफत ते फाळणी या काळावर पुस्तक लिहिलं, ते आजही अभ्यासक वाचतात. त्यांच्यानंतर मराठवाड्यात किती मुस्लिम प्राध्यापक झाले, आणि आपल्या तालुक्यातल्या बागवान, पिंजारी, तांबोळी, कुरेशी बिरादरीवर मराठीत पन्नास पानं लिहिणारे त्यात किती? ज्या मराठीत आपण भाजी घेतो, भांडतो, मत मागतो, त्या मराठीत आपल्या आयुष्याचा कागद तयार करणं हे तुमचं काम नाही तर कुणाचं? तुम्ही लिहिलं नाही म्हणून आमच्याबद्दल दुसरे लिहितात आणि मग आम्ही चिडतो.

उपाय मोठे नाहीत. संस्थाचालकांनी वर्षातून एक व्याख्यान असं ठेवावं की ज्यात वक्त्याचं भाषण आधी मागवलं जाणार नाही, आणि आभार मानणारा माणूस त्याला उत्तर देणार नाही. उत्तर द्यायचंच असेल तर कागद घेऊन, दुसऱ्या दिवशी, त्याच स्टेजवर द्यावं. प्रत्येक मुस्लिम कॉलेजने आपल्या मोहल्ल्याची दरवर्षी पाहणी करावी, किती मुली गळल्या, किती पोरं गॅरेजवर गेली, किती घरांवर बचत गटाचं आणि फायनान्सचं कर्ज आहे. आकडे छापून मशिदीच्या नोटीस बोर्डावर लावावेत, चांगले असोत की वाईट. आणि एखाद्या प्राध्यापकावर झुंड आली तर ती कुणाची आहे हे न बघता चार माणसांनी त्याच्या घरी जावं. फक्त जाऊन बसावं, चहा प्यावा. माणूस टिकायला कधी कधी एवढंही पुरतं.

त्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर सरांचा फोटो फिरत होता, तेव्हा मीही त्या ग्रुपवर होतो. मी एक ओळ लिहायला हवी होती. लिहिली नाही. वाद नको म्हटलं. आज त्याची लाज वाटते, म्हणून हा एवढा मोठा लेख.

गेल्या आठवड्यात मी सरांकडे गेलो होतो. त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात ते हजेरीपटांचे झेरॉक्स अजून आहेत. मी म्हटलं, "सर, हे मराठीत लिहून काढा, मी छापतो." ते हसले. म्हणाले, "तुम्ही छापाल हो. पण नंतर माझ्या घरी चहाला येणार कोण?"

मी येईन म्हटलं. आणखी कोण येणार, ते तुम्ही सांगा.